सक्ती करायचीच, तर कोणावर?

१९६० साली लॉस एंजेलिसमध्ये पोलिसांनी रॉबिन्सन नावाच्या माणसाला अडवून त्याचे हात तपासले. हातावर सुयांच्या खुणा होत्या. तो त्या वेळी नशेत नव्हता, माल बाळगल्याचा किंवा विकल्याचा आरोपही त्याच्यावर नव्हता. पण कॅलिफोर्नियाच्या तेव्हाच्या कायद्यात व्यसनी असणं हाच गुन्हा होता आणि त्याला किमान ९० दिवसांची कैद होती. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १९६२ साली न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला. व्यसन हा आजार आहे, आणि आजारी असण्याबद्दल शिक्षा देता येणार नाही. सर्दी झाली म्हणून एक दिवस जरी कोणाला तुरुंगात टाकलं तरी ते क्रौर्यच, असं निकालपत्रात आहे. त्याच निकालपत्रात आणखी एक गोष्ट आहे, ती कमी सांगितली जाते. राज्याला वाटलं तर व्यसनी माणसावर सक्तीने उपचार करावेत, त्यासाठी त्याला काही काळ अडकवूनही ठेवावं, त्याला आमची हरकत नाही, असंही न्यायमूर्तींनी लिहून ठेवलं.

हे ऐकायला रॉबिन्सन नव्हता. निकालाच्या आदल्या वर्षीच तो मरण पावला होता आणि न्यायालयाला त्याची खबरही नव्हती.

अमली पदार्थांच्या प्रकरणात पकडलेल्या, पण कोणावर हात न उगारलेल्या, म्हणजे 'अहिंसक', माणसांना तुरुंगाऐवजी सक्तीच्या व्यसनमुक्तीला पाठवावं, ही मागणी हल्ली बहुतेक समंजस माणसं करतात. मीही कित्येक वर्षं करत आलो. तिचा पहिला अर्धा भाग, म्हणजे 'तुरुंगाऐवजी', मला आजही पूर्ण मान्य आहे. दुसऱ्या अर्ध्याबद्दल, विशेषतः त्यातल्या 'सक्ती' या शब्दाबद्दल, मात्र माझं मत पालटत गेलं आहे. ही सक्ती नेमकी कोणावर, हे कोणी विचारतच नाही.

आधी तुरुंगाचं. तुरुंगाने व्यसन सुटतं अशी एक भोळी समजूत आहे: आत माल मिळणार नाही, चार दिवस टर्की, म्हणजे माल तुटल्यावरचा त्रास, सोसेल, मग शरीर स्वच्छ होऊन बाहेर येईल. तुरुंगात माल मिळत नाही हे तर खरं नाहीच, पण घटकाभर धरून चालू. अफूच्या कुळातले पदार्थ, म्हणजे गर्द, हेरॉइन, मॉर्फिन, फेंटानिल, रोज घेणाऱ्याच्या शरीराला त्यांची सवय होत जाते. काल जेवढ्याने गुंगी यायची तेवढं आज पुरत नाही, म्हणून मात्रा वाढते. महिना-दोन महिने काही मिळालं नाही की शरीराची ही सवय उतरते. तलफ मात्र उतरत नाही. सुटल्यावर माणूस जुन्या हिशेबाने मात्रा घेतो, आणि पकडला जाण्याआधी जी त्याला जेमतेम पुरायची तीच आता त्याचा श्वास बंद पाडते. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात तुरुंगातून सुटलेल्या ३० हजारांहून अधिक लोकांचा माग काढणारा एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत अमली पदार्थाच्या अतिमात्रेने मरण्याचा त्यांचा धोका सर्वसामान्य माणसाच्या १२९ पट निघाला. बारा-तेरा पट नव्हे, एकशे एकोणतीस पट. ज्या माणसाला कायद्याने सहा महिन्यांची कैद सुनावली, त्याला प्रत्यक्षात दिलेला हा धोका कुठल्याही कलमात लिहिलेला नसतो.

मग तुरुंगाऐवजी व्यसनमुक्ती केंद्र. इथपर्यंत सगळे येतात आणि इथेच थांबतात. पण वर सांगितलेलं शरीराचं गणित केंद्राच्या दारावरची पाटी वाचत नाही. चार आठवडे किंवा चार महिने एखाद्याला औषधाविना, निव्वळ माल न देता, कुलपात ठेवलं आणि सोडून दिलं, तर त्या खोलीला कोठडी म्हणा की वॉर्ड, सवय तशीच उतरते आणि पहिले दोन आठवडे तसेच जीवघेणे ठरतात.

'सक्तीची व्यसनमुक्ती' हा शब्दप्रयोग जगात किती वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो ते पाहण्यासारखं आहे. १९८९ साली मायामीत पहिलं 'ड्रग कोर्ट' सुरू झालं. आरोपी उपचाराला तयार झाला, की न्यायाधीश स्वतः त्याच्या प्रगतीवर लक्ष ठेवतात. ठरलेल्या तारखांना हजेरी, लघवीची तपासणी, समुपदेशन, आणि सगळं पार पडलं तर आरोप रद्द. आज अमेरिकेत अशी हजारो न्यायालयं आहेत. ही झाली एका टोकाची, सौम्य पद्धत. दुसऱ्या टोकाला व्हिएतनामची केंद्रं होती. तिथे माणसाला ना खटला चालवून पाठवत, ना डॉक्टरच्या सल्ल्याने. पोलीस आणि प्रशासन परस्पर वर्षानुवर्षं डांबून ठेवत. तिथल्या उपचाराला 'श्रमचिकित्सा' असं भारदस्त नाव होतं. प्रत्यक्षात कोट्यानुसार काजू सोलायचे. काजूच्या टरफलातल्या तेलाने हात भाजतात, हे ते काम केलेल्या कोणालाही विचारावं. मार्च २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या १२ संस्थांनी एकत्र निवेदन काढून अशी केंद्रं बंद करा असं सरकारांना सांगितलं. त्या केंद्रांचंही अधिकृत नाव तुरुंग नव्हतंच. 'तुरुंगाऐवजी' या शब्दात तीही बसतात.

मलेशियात सक्तीची आणि स्वेच्छेची अशी दोन्ही प्रकारची केंद्रं शेजारी शेजारी असल्याने तुलना करता आली. अफूजन्य पदार्थांचं व्यसन असलेल्या लोकांचा तिथला अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. सक्तीच्या केंद्रांतून सुटलेल्यांपैकी निम्मे ३१ दिवसांच्या आत पुन्हा नशेकडे वळले. स्वेच्छेने जाण्याच्या केंद्रांत, जिथे मेथाडोन हे तलफ शमवणारं औषध मिळत होतं, निम्म्यांवर ती वेळ यायला ३५२ दिवस लागले. यावर एक रास्त आक्षेप आहे: आपणहून उपचाराला जाणारा माणूस मुळातच अधिक तयारीचा असणार, मग फरक केंद्राचा की माणसाचा? काही प्रमाणात माणसाचा असेलही. पण एक महिना आणि एक वर्ष यांतलं सगळं अंतर एवढ्या एका कारणाने भरून निघेल असं मला वाटत नाही. सक्तीच्या उपचारांवरचे जगभरचे अभ्यास २०१६ साली एकत्र तपासले गेले, तेव्हा निकषांना उतरणारे जेमतेम नऊ हाती लागले, आणि त्यांतल्या दोनच अभ्यासांत फायदा दिसला. एवढ्या तुटपुंज्या पुराव्यावर कोणी सर्दीचं औषधही बाजारात आणू देणार नाही.

इथे एक आवाज मध्येच बोलतो आणि तो टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. तो असतो आईचा, बायकोचा, थोरल्या भावाचा. "तो स्वतःहून कधीच जाणार नाही. घरातली भांडी विकून झाली. तुम्ही त्याला कुठेही कोंडा, पण जिवंत ठेवा." या माणसांना स्वातंत्र्याचे धडे देण्याचा अधिकार निदान मला तरी नाही. आणि त्यांच्या बोलण्यात तथ्यही आहे. आपणहून, कोणाचाही धक्का न लागता उपचाराला जाणारा माणूस विरळाच. कोणाला बायको माहेरी गेल्याचा धक्का, कोणाला नोकरी गेल्याचा, कोणाला रुग्णालयात डोळे उघडल्याचा. त्यात न्यायालयाचा एक धक्का मिसळला तर बिघडलं कुठे?

काही बिघडलं नाही. धक्का आणि कुलूप यांत मात्र फरक केला पाहिजे. 'खटला चालवून घ्यायचा की उपचार घ्यायचे, ठरव. वकिलाशी बोलून आठवडाभराने सांग' असं न्यायाधीशाने म्हणणं हा धक्का. तो माणसाला दारापर्यंत आणतो. आत गेल्यावर त्याला थांबवून ठेवते ती तिथे मिळणारी गोष्ट: औषधाने शांत झालेली तलफ, समोरच्याचं ऐकून घेणारा माणूस, बाहेर पडल्यावर राहायला जागा. कुलूप लावलं की आतल्या माणसांना काही चांगलं देण्याची केंद्राला गरजच उरत नाही. गिऱ्हाईक पळून जाऊ शकत नसेल तर दुकानदार माल कशाला सुधारेल?

धक्क्याच्या पद्धतीचा सर्वांत मोठा प्रयोग कॅलिफोर्नियाने केला. नोव्हेंबर २००० मध्ये तिथल्या मतदारांनी 'प्रपोझिशन ३६' मंजूर केलं: केवळ स्वतःसाठी माल बाळगल्याबद्दल पहिल्या-दुसऱ्यांदा दोषी ठरलेल्याला तुरुंगाऐवजी उपचार. विद्यापीठातल्या संशोधकांनी त्याचं मूल्यमापन केलं. उपचार सुरू केलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोकांनी ते पूर्ण केले. आणि खर्च झालेल्या प्रत्येक डॉलरमागे सरकारचे सुमारे अडीच डॉलर वाचले. विरोधकांनी पहिला आकडा उचलला, समर्थकांनी दुसरा. मला पहिल्या आकड्याची लाज वाटत नाही. मधुमेहाचे किती रोगी पथ्य आणि गोळ्या नेमाने सांभाळतात, हे कोणत्याही डॉक्टरला विचारा. पण मधुमेही माणसाने जिलेबी खाल्ली तर त्याला पोलीस घेऊन जात नाहीत.

व्यसनाची सगळी गुंतागुंत या एका मुद्द्यावर येऊन साचते. पुन्हा घसरणं हा या आजाराचा भागच आहे. घसरणं, सावरणं, पुन्हा घसरणं, आणि प्रत्येक वेळी मधलं अंतर थोडं वाढणं, अशीच बरी होण्याची वाट असते. कायद्याला ही भाषा कळत नाही. कायद्याला तारीख लागते, प्रमाणपत्र लागतं, 'पूर्ण' असा शिक्का लागतो. भारताच्या १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याचंच पाहा. त्यातलं ६४-अ हे कलम चांगलं आहे: थोड्या मात्रेसह पकडला गेलेला व्यसनी माणूस स्वेच्छेने सरकारमान्य ठिकाणी उपचार घेईल तर त्याच्यावर खटला भरला जाणार नाही. स्वेच्छेने, हा शब्द त्यात आहे, हे विशेष. पण लगेच खाली परंतुक आहे, की उपचार पूर्ण केले नाहीत तर हे संरक्षण काढून घेता येईल. ज्या आजारात काहींना औषध वर्षानुवर्षं घ्यावं लागतं, त्यात 'पूर्ण उपचार' म्हणजे काय, हे कोण ठरवणार? फौजदार?

अमेरिकेतल्या ड्रग कोर्टांत हे फार कडू रीतीने दिसलं. मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन ही औषधं तलफ शमवतात आणि मृत्यू टाळतात; २००५ पासून ती जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. तरीही कित्येक न्यायाधीश ती घेऊ देत नसत. त्यांच्या मते एक नशा सोडून दुसरी धरण्यातला तो प्रकार. २०१५ साली संघराज्य सरकारने अट घातली, की औषधांवर बंदी घालणाऱ्या न्यायालयाला अनुदान मिळणार नाही, तेव्हा कुठे चक्र फिरू लागलं. म्हणजे उपचाराच्या नावाने चालणाऱ्या व्यवस्थेत पाव शतक उपचारच अडवून धरले जात होते. रोगी नाही म्हणाला तर तो करारभंग, आणि व्यवस्था नाही म्हणाली तर ते न्यायाधीशाचं विवेकाधीन मत.

याच्या उलट अमेरिकेतल्याच ऱ्होड आयलंडची गोष्ट. या छोट्या राज्याने २०१६ साली आपल्या सगळ्या तुरुंगांत ही औषधं कैद्यांना उपलब्ध केली आणि सुटल्यावर बाहेरच्या दवाखान्याशी जोडून दिलं. त्या वर्षीच्या पहिल्या सहामाहीशी पुढच्या वर्षीच्या पहिल्या सहामाहीची तुलना केली, तर नुकत्याच सुटलेल्यांमधले अतिमात्रेचे मृत्यू ६१ टक्क्यांनी घटले होते. तुरुंग होता तसाच होता. दगडमातीच्या भिंती, गज, सगळं तेच. मी तुरुंगाची वकिली करत नाही, पण 'तुरुंग वाईट, केंद्र चांगलं' या सोप्या मांडणीला ही गोष्ट पुरून उरते. आत काय मिळतं, यावर जगणं-मरणं ठरलं.

आता एक वेगळीच अडचण. पकडला गेलेला प्रत्येक जण आजारी असतो, हे आपण गृहीतच धरून चाललो आहोत. संयुक्त राष्ट्रांच्या २०२३ च्या जागतिक अहवालाप्रमाणे २०२१ मध्ये जगात सुमारे २९ कोटी ६० लाख लोकांनी अमली पदार्थ घेतले. त्यांच्यापैकी उपचार लागावेत अशी व्याधी होती सुमारे ३ कोटी ९५ लाखांना. साधारण साडेसातांत एक. बाकीच्यांना सहा महिने केंद्रात बसवून काय साधणार? एखाद्या मेजवानीत गांजा ओढताना सापडलेला पोरगा गर्दुल्ल्यांच्या गटात बसून 'माझं व्यसन' या विषयावर बोलायला शिकेल, आणि ज्याला खरोखर खाट हवी तो बाहेर प्रतीक्षायादीत मरेल. सरसकट सक्तीतला हा सर्वांत निर्बुद्ध अपव्यय आहे.

'अहिंसक' हा शब्दही वाटतो तेवढा सरळ नाही. स्वतःच्या पुडीचा खर्च निघावा म्हणून चार पुड्या विकणारा माणूस विक्रेता की रोगी? बहुतेक कायदे हे वजनकाट्यावर ठरवतात. काटा काही ग्रॅमने कलला की रोग्याचा व्यापारी होतो.

निवड करण्याचं काम पोर्तुगालने शिकवलं. १ जुलै २००१ पासून तिथे दहा दिवसांच्या स्वतःच्या वापरापुरता कोणताही पदार्थ बाळगणं हा फौजदारी गुन्हा राहिला नाही. माल जप्त होतो आणि त्या माणसाला ७२ तासांच्या आत तीन सदस्यांच्या आयोगापुढे जावं लागतं. तिथे कायद्याचा जाणकार असतो, आरोग्य किंवा समाजकार्यातली माणसं असतात. हा व्यसनी आहे की नाही, एवढं ते आधी पाहतात. नसेल तर इशारा देऊन किंवा किरकोळ दंड करून घरी पाठवतात. असेल तर उपचारांचा रस्ता दाखवतात आणि तो गेला तर प्रकरण स्थगित ठेवतात. व्यसनी माणसाला पैशांचा दंड करायला कायद्यानेच मनाई आहे, कारण तो दंड कुठून भरेल हे उघड आहे. त्याच सुमाराला उपचारकेंद्रं, मेथाडोनच्या फिरत्या गाड्या, स्वच्छ सुया यांवर भरपूर पैसा ओतला गेला. सुयांमधून पसरणाऱ्या एचआयव्हीचे नवे रोगी वर्षाला हजारावर होते, ते काही वर्षांत शेकड्यांवर आणि पुढे डझनांवर आले. २०१२ च्या आर्थिक चणचणीत ही यंत्रणा मोडून तिचे तुकडे वेगवेगळ्या विभागांना वाटले गेले. पुढच्या दशकात तिथल्या पोर्तो शहराच्या रस्त्यांवर सुया पुन्हा दिसू लागल्या, तेव्हा दोष कायद्याला दिला गेला. पैसे काढून घेतल्याचं फारसं कोणी बोललं नाही.

अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याने पोर्तुगालचा अर्धाच धडा गिरवला. फेब्रुवारी २०२१ पासून तिथे माल बाळगल्याबद्दल शंभर डॉलरची पावती मिळू लागली, आणि एका क्रमांकावर फोन करून आरोग्यतपासणी केली की तीही माफ. फार थोड्यांनी फोन केला. उपचारांसाठी ठेवलेला पैसा संस्थांपर्यंत पोचायलाच वर्ष-दीड वर्ष गेलं आणि नेमका त्याच काळात फेंटानिलचा लोंढा आला. सप्टेंबर २०२४ पासून माल बाळगणं तिथे पुन्हा गुन्हा झालं. सक्तीचे समर्थक हे उदाहरण हमखास देतात: बघा, मोकळीक दिली की असं होतं. मला त्यात दिसतं ते असं, की दार उघडलं तेव्हा आत खोलीच बांधलेली नव्हती. कॅलिफोर्नियानेही नोव्हेंबर २०२४ मध्ये नवा कायदा केला, योगायोगाने त्याचाही क्रमांक ३६. आधी दोनदा शिक्षा झालेल्याला उपचार घे, नाहीतर तुरुंगात जा, असं आता सांगता येतं. पण ज्या जिल्ह्यात केंद्रच नाही तिथला न्यायाधीश त्याला कुठे पाठवणार, याचं उत्तर मतपत्रिकेवर नव्हतं.

म्हणून माझी मागणी अशी, की सक्ती करायचीच तर ती आधी सरकारवर करा. न्यायालयाने उपचाराचा आदेश दिला की त्यात तारीख असावी: समजा १४ दिवस. तेवढ्यात खाट, डॉक्टर आणि औषध मिळालं नाही तर खटला संपला. आज आरोपी तारखेला हजर राहिला नाही की वॉरंट निघतं. तीच शिस्त आरोग्यखात्याला लागू व्हावी. कोणतं औषध द्यायचं ते डॉक्टर ठरवेल, न्यायाधीश नाही. लघवीच्या तपासणीत काही सापडलं तर तो निष्कर्ष डॉक्टरकडे जाईल, पोलिसांकडे नाही. औषध बदलेल, मात्रा बदलेल, पण बेड्या पडणार नाहीत. मूळ गुन्ह्याला जेवढी शिक्षा झाली असती त्याहून एक दिवसही अधिक कोणाला उपचाराच्या नावाखाली बांधून ठेवता येणार नाही. हे मी मुद्दाम सांगतो, कारण 'तुझ्या भल्यासाठी' म्हटलं की मुदतीचं भान सुटतं. आणि केंद्रात पूर्वसूचना न देता शिरण्याचा अधिकार बाहेरच्या कोणाला तरी हवा. बंद दारामागे मारहाण करून व्यसन सोडवणारे सगळ्या देशांत आहेत.

हे महाग पडेल? तुरुंगही फुकट चालत नाही. कॅलिफोर्नियाचा अडीच डॉलरचा हिशेब वर आलाच आहे.

तरीही एक माणूस उरतो, आणि तो प्रत्येक चर्चेत उरतोच. त्याला आयोगापुढे नेलं, डॉक्टरने समजावलं, खाट रिकामी आहे, औषध तयार आहे, आणि तो नाही म्हणतो. पुढच्या महिन्यात पुन्हा पकडला जातो, पुन्हा नाही म्हणतो. त्याचं काय करायचं? कोंडून काही होत नाही, हे मलेशियाच्या ३१ दिवसांनी सांगितलं आहे. त्याने चोरी केली असेल तर चोरीची शिक्षा त्याला व्हावी, इतर कोणत्याही चोराइतकीच, आणि आत औषध मिळावं. चोरी केली नसेल, तर त्याच्या हातात स्वच्छ सुई, खिशात अतिमात्रा उतरवणारं नॅलोक्सोन आणि चिठ्ठीवर दवाखान्याची वेळ लिहून द्यावी. तो चौदाव्यांदा येईल तेव्हा काउंटरवरच्या माणसाने त्याला तुझं नाव आधी कितीदा नोंदवलंय असं विचारू नये.